त्याच कार्डावरून भरा

मित्रांनो, आत्ता मी एका शर्टाच्या खिशात आहे आणि खिशामागचे हृदय फार जोरात धडधडते आहे. मी जुने क्रेडिट कार्ड. माझी मुदत संपून दोन वर्षे झाली. अशा कार्डाला कोणी विचारत नाही. पण आज सकाळी विमानतळावर सगळे माझ्यावरच आशा ठेवून होते. माझी कहाणी सावकाश, क्रमाने सांगायची इच्छा होती. तेवढा वेळ नाही. जमेल तशी सांगते.

दर्शनी बाजू

निळ्या प्लास्टिकच्या मोठ्या पत्र्यातून एका यंत्राने मला कापले. माझ्यात सोनेरी चिप बसवली. अंगावर सोळा आकडे उठवले आणि खाली नाव: रतन भागाजी ओव्हाळ.

लिफाफ्यातून मी विश्रांतवाडीला आले. रतनराव पाटबंधारे खात्यातून कार्यालयीन अधीक्षक म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. माझ्यासोबत आलेले नियमांचे बारीक अक्षरांतले पत्रक त्यांनी भिंग लावून शेवटपर्यंत वाचले आणि दोन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई म्हणाल्या, "आपली लग्नपत्रिका तरी इतकी वाचली होतीत का?"

मी मन लावून काम केले. विजेचे बिल, गॅस, मुलगा सौरभच्या कॉलेजची शेवटची फी. आमच्या बुद्धविहारात येणारे बहुतेक लोक रोखीने व्यवहार करणारे. कोणाला गावी जायचे असले की ते रतनरावांकडे येत आणि म्हणत, भाऊ, तुमच्या कार्डावर तिकीट काढा. असे मी अनेकांना घरी पोचवले.

काळी पट्टी

माझ्या पाठीवर एक काळी पट्टी आहे. लोक म्हणतात, कार्डाची आठवण तिच्यात असते.

दोन हजार वीसचा फेब्रुवारी. रतनराव-प्रेमलाबाई धरून विहारातल्या अकरा जणांनी बुद्धपौर्णिमेला बोधगयेला जायचे ठरवले. जायचे तर सगळ्यांनी मिळून, म्हणून अकरा तिकिटे एकाच वेळी माझ्यावर काढली. मथुराबाई सर्वांत वयस्क. घरोघरी पोळ्या लाटून त्यांनी भाडे साठवले होते. रतनरावांची मुलगी आम्रपाली तेवढी येणार नव्हती. तिची परीक्षा होती आणि त्यावरून प्रेमलाबाईंनी दोन दिवस अबोला धरला होता.

मग टाळेबंदी आली. विमान रद्द झाले. कंपनी म्हणाली, पैसे परत मिळणार नाहीत, वर्षभरात कधीही प्रवास करा. मथुराबाईंनी विचारले, वर्षभर मी टिकेन याची पावती कंपनी देते का?

रतनरावांनी कंपनीला सहा पत्रे लिहिली. उत्तर नाही. तेव्हा त्यांना पेन्सिलीची खूण आठवली. पैसे घेऊन सेवा दिली नाही, तर ग्राहक बँकेमार्फत ते मागे घेऊ शकतो, असा तो नियम होता. त्यांनी बँकेला अर्ज केला.

*विषय: न झालेल्या विमानप्रवासाचे भाडे परत मिळणेबाबत.*
*संदर्भ: कंपनीस पाठविलेली सहा पत्रे.*
*सोबत: अकरा प्रवाशांची यादी, वय, मोबाइल क्रमांक व स्वाक्षऱ्यांसह.*

बँकेने फक्त कार्डधारकाचे नाव आणि रक्कम मागितली होती. यादी कोणीच मागितली नव्हती. पण चौतीस वर्षे कचेरीत काढलेल्या माणसाला सोबत काही न जोडता अर्ज करवत नाही. बँकेने सगळे कागद जसेच्या तसे कंपनीकडे पाठवले.

पैसे परत आले. रतनरावांनी एकेकाच्या घरी जाऊन ते दिले. मथुराबाईंनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "एवढंसं आहे, पण नाक दाबलंन् हो त्यांचं."

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस होता.

मुदत

पुढे माझी मुदत संपली. माझ्या जागी दुसरे कार्ड आले, त्याचा नंबरही वेगळा. बँकेने मला कापून टाकायला सांगितले होते. रतनराव काहीच टाकत नाहीत. त्यांनी मला त्या अर्जाच्या फाइलमध्ये टाचणी लावून ठेवले. दोन वर्षे मी अंधारात होते. मला वाटले, संपले आता.

परवा सौरभच्या जीपला अपघात झाला. तो आसामात चहाच्या कारखान्यांत यंत्रे बसवतो. दिब्रुगडच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितले की डोक्याला मार आहे, डोळ्यांवर पट्टी आहे, आज दुपारनंतर ऑपरेशन करावेच लागेल. पुढचे सांगता येत नाही. तोवर तो अर्धवट शुद्धीत आहे आणि आई कुठे आहे, असे विचारतो आहे.

रेल्वेने जवळजवळ तीन दिवस. बाकीची विमाने उद्यापर्यंत भरलेली. वेळेत पोचवणारे विमान एकच होते, त्याच कंपनीचे. आम्रपालीने आईबाबांची तिकिटे काढली. पैसे लगेच घेतले गेले. रात्री मोबाइलवर संदेश आला: जुन्या व्यवहारासंबंधी काउंटरवर भेटा. रतनराव म्हणाले, फाइल बरोबर असलेली बरी.

सहीची जागा

काउंटरवर संस्कृती नावाची मुलगी होती. तिने पडद्यावर पाहिले आणि आवाज खाली आणला.

"काका, तुमच्या अर्जाच्या यादीतली सगळी नावं थांबवलेली आहेत, तुमचं आणि काकूंचंही. ज्यांनी बँकेकडून आमचं भाडं मागे घेतलं, त्यांना विमानात घेता येत नाही."

"काल पैसे घेताना नाव थांबलं नव्हतं?"

ते पैसे सात दिवसांत परत येतील, असे तिने सांगितले. प्रेमलाबाई काही बोलणार होत्या; रतनरावांनी हात करून थांबवले. कामाचे बोलणे त्यांचे. त्यांनी फाइल उघडली. तारखा सांगितल्या, पत्रांचे जावक क्रमांक सांगितले, नियमाचे कलम सांगितले. सगळे बरोबर होते. संस्कृतीने वरिष्ठांना फोन लावला. उत्तर आले, अकराही जणांचे जुने भाडे भरा, नावे आत्ता मोकळी होतील.

सहा पत्रे लिहिणारा हा माणूस या वेळी एका शब्दाने भांडला नाही. म्हणाला, "भरतो. सगळ्यांचं भरतो."

त्यांनी नवे कार्ड पुढे केले. यंत्राने ते नाकारले. ज्या कार्डावर पैसे मागे गेले, त्याच कार्डावरून ते परत यायला हवेत.

तेव्हा रतनरावांनी टाचणी काढली आणि मला काउंटरवर ठेवले.

मित्रांनो, मला यंत्रात सरकवले. आत

मुदत संपली आहे.

पुन्हा सरकवले. मी माझे सोळाही आकडे पुढे केले, नाव पुढे केले, चिपमध्ये जे काही उरले असेल ते

मुदत संपली आहे.

"तुम्हीही खिडकीतून लोकांना असंच परत पाठवायचात," प्रेमलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मूळ प्रत आणा म्हणून." आवाजात राग नव्हता. मग त्या मुलीकडे वळल्या आणि सौरभचे सांगितले. चार वाक्यांत सगळे झाले.

संस्कृतीचा चेहरा उतरला. "काकू, हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलंच नाही, बाळ."

तिने मला ओढणीने पुसले आणि तिसऱ्यांदा यंत्रात घातले. तिलाही ठाऊक होते. तरी घातले.

मुदत संपली आहे.

काउंटर बंद व्हायला पंधरा मिनिटे होती. तिने विचारले, घरातले असे कोणी आहे का, जे त्या यादीत नव्हते?

होते. आम्रपाली काचेच्या बाहेर उभी होती, ऑफिसच्या कपड्यांत, आईबाबांना सोडायला आलेली. तिने उभ्या उभ्या मोबाइलवरून तिकीट काढले. या दोघांच्या नुकत्याच रिकाम्या झालेल्या जागांपैकीच एक, दुप्पट भाड्याने. त्यासाठी कुठलेच कार्ड लागले नाही.

प्रेमलाबाईंनी आपली पिशवी तिच्या खांद्याला अडकवली. "केसांतून हात फिरवला की झोपतो तो. पट्टी असेल, तर तळपाय चोळ. तू घाबरलीयस असं वाटू देऊ नकोस त्याला." आम्रपाली नुसती मान हलवत होती. मग ती धावत आत गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर प्रेमलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अर्ज केलात ते बरोबरच होतं. पण यादी कशाला जोडलीत हो?"

रतनरावांनी मला खिशात टाकले.

बाहेर

दोघे घरी गेले नाहीत. विमानतळाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. प्रेमलाबाई म्हणाल्या, ती पोचेपर्यंत मी इथून हलणार नाही. जणू इथून ते विमान जरा जवळ होते.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. आम्रपाली बोलली नाही. तिने फोन नुसता उघडा ठेवला होता. स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज आला, कोणी तरी आसामीत काही सांगत होते. मग सौरभ.

"आई?"

चाके थांबली.

"हो रे," आम्रपाली म्हणाली. "आलेय."

रतनरावांच्या तोंडून शब्द निघणार होता. प्रेमलाबाईंनी त्यांचे मनगट घट्ट धरले आणि दुसऱ्या हाताने पदर स्वतःच्या तोंडात कोंबला. त्या बोलल्या असत्या तर त्याला कळले असते, आई फोनमध्ये आहे.

"लवकर आलीस," सौरभ म्हणाला.

चाके पुन्हा वाजली. फोन बंद झाला.

मित्रांनो, मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. मला खुशाल कापा. पण उद्या तुमच्यातले कोणी खिडकीच्या आतल्या बाजूला बसेल. समोर माणूस फाइल घेऊन येईल, तारखा आणि कलमे सांगू लागेल, कारण त्याला तेवढेच बोलता येते. त्याला नियम ऐकवण्याआधी एक विचारा: तुम्हाला कुठे पोचायचे आहे, आणि कोणाकडे? नंतर विचारून उपयोग नसतो.

साडेचार वाजले आहेत. ऑपरेशन चालू आहे. प्रेमलाबाईंनी पदर अजून तोंडातून काढलेला नाही.