चारच्या वर कोणी जाईना

“अयूबभाऊ, खरं सांगा. हे फॉर्म तुम्ही घरी बसून भरलेत ना?”

दिव्यानी मॅडमनी गठ्ठा टेबलावर आपटला आणि अयूबचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या या पोरीची पीएच.डी. त्या गठ्ठ्यावर अडली होती. शेजारपाजाऱ्यांच्या आधाराने माणसाचं समाधान वाढतं का, आणि ते ऊर्जानगरच्या, वीजकेंद्राच्या क्वार्टरात आणि वडशाजवळच्या खेड्यात सारखंच वाढतं का, हे तिला तपासायचं होतं. क्वार्टरांत ती स्वतः फिरली. खेड्यातले दोनशे फॉर्म अयूबने जुन्या मोपेडवर हिंडून भरले.

“‘सुखी आहात का, एक ते पाच सांगा.’ दोनशे माणसं आणि सगळ्यांचे चार! आकडा हलतच नाही, तर कॉम्प्युटर दोन गट ताडून बघणार कसा?”

अयूबला राग नाही आला, वाईट वाटलं. “मतदार यादी, जनगणना... पंचवीस वर्स झाले मॅडम, लोकाइचे फारम भरून राह्यलो. खोटा आकडा एक नाई लिवला. चला माह्यासंगं.”

खेड्यातल्या पहिल्याच घरी गुणाबाई अंगणात धान पाखडत होती. मॅडमनी तोच प्रश्न विचारला.

“हो ना, लय सुखी! लिवा चार.”

“मग पाच का नाही?”

गुणाबाईने सूप खाली ठेवलं. “काऊन बाई, नजर लावता का? पुरं सुख तोंडानं सांगू नाई. चार म्हनलं का समजून घ्याचं ना!”

ओट्यावरच्या बाया खो खो हसल्या. दिव्यानीही हसली, आणि हसताहसता तिचे कान लाल झाले. क्वार्टरातला पाच आणि इथला चार, सुख तेवढंच होतं.

तो एक प्रश्न तिने वगळला. झोप, भूक आणि सणाची हौस हे समाधानाचे बाकीचे तीन प्रश्न दोन्हीकडे एकाच मापाने बसले. मग कॉम्प्युटरने मुकाट्याने उत्तर दिलं: शेजाराचा आधार खेड्यात जवळजवळ दुप्पट कामी येत होता.

“चुकलं माझं, अयूबभाऊ,” गठ्ठा परत करताना ती म्हणाली. “आणि तुमचा फॉर्म राहिलाच की. या कामात सुखी आहात?”

अयूबने गठ्ठा मोपेडला बांधला, सुतळीची गाठ दोनदा ओढून पाहिली.

“लिवा,” तो म्हणाला. “चार.”

तिने हसून चारला गोल केला.