दिशाच्या सहलीचा कागद

गिरणीत मशीन लावायला आलेल्या जर्मन साहेबाला मी इंग्रजीत असा झापला, की त्याने तीन दिवस चहा सोडला. ही हकिगत घाटकोपरच्या आमच्या डोंगरावरच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. म्हणून इंग्रजी कागद आला की आधी माझ्याकडे येतो. मी चष्मा पुसतो, कागद उन्हाकडे धरतो आणि वाचतो. म्हणजे शिक्का बघतो, सहीची रेघ बघतो, बाकीचं डोक्यातून काढतो. चाळीस वर्षं निभावलं.

शेजारची गंधाली पालिकेच्या शाळेचा कागद घेऊन आली. दोन वर्षांपूर्वीच ती शाळा मराठीची इंग्रजी झाली होती.

"काशीरामआबा, काय म्हणतायत हो?"

"सहल गो, राणीच्या बागेत. ठोक सही."

तिने ठोकली. तिची आठ वर्षांची दिशा दोन दिवस घरभर पेंग्विनसारखी चालली.

शुक्रवारी शाळा सुटताना मी गंधालीसोबत होतो. दिशाच्या वर्गाच्या क्लॅरिस टीचरनी तिला फाटकाशी थांबवलं.

"सही कशी केलीत तुम्ही? सोमवारपासून दिशा तळमजल्यावर, मंद मुलांच्या वर्गात. तिथून परत वर आलेलं पोर मी बघितलं नाही."

"मंद? अहो, ती तोंडी भागाकार करते!"

"मराठीत करते हो. इंग्रजीत विचारलं की गप्प. गप्प म्हणजे शून्य, असंच धरलंय."

म्हणजे तो कागद सहलीचा नव्हताच, त्या वर्गाच्या संमतीचा होता.

दिशा त्या दिवसापासून घरीही बोलेना. पाणी हवं तरी बोट दाखवी. पोरगी खरंच विझतेय की काय, या भीतीने मला घास जाईना. गंधालीला वाटत होतं, शाळेनेच कागद बदलला. मी तसंच वाटू दिलं. खरं सांगितलं तर डोंगरावर तोंड कुठे दाखवू?

सोमवारी आम्ही दोघं दिशाला घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी कागद गंधालीपुढे सरकवला. "सही तुमचीच ना?"

"कागद बदललाय, मॅडम!"

"आमच्यावर आरोप?" बाई शिपायाकडे वळल्या. "हिचं दप्तर खाली न्या."

दिशाने माझा सदरा घट्ट धरला.

"कागद तोच आहे," मी म्हणालो. "वाचणारा खोटा. मला इंग्रजी येत नाही."

गंधाली माझ्याकडे वळली. "आणि तो जर्मन?"

"लांबून बघितलेला गो."

मी तिथेच गंधालीच्या नावाने मराठीत अर्ज लिहिला: न समजता दिलेली संमती रद्द करा, मुलीची तपासणी मराठीत घ्या. क्लॅरिस टीचरनी साक्षीदार म्हणून सही केली. त्यांची नोकरी जाऊ शकत होती.

बाईंनी अर्ज दोनदा वाचला. "ठीक. तपासणी होईल तोवर बसू दे वरच्याच वर्गात."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?" गंधालीने विचारलं. "लिहून द्या. मराठीत. मी स्वतः वाचणार."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. दिशाकडे बघितलं. काही न लिहिताच टोपण परत लावलं.