पाटलाच्या हुकमानं

चावडीत रेडिओ आला आणि नागप्पाच्या पोटावर पाय आला. वळसंगपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. अर्धी घरं मराठी, अर्धी कानडी. नागप्पा डफडं वाजवून दोन्ही भाषांत दवंडी द्यायचा आणि सुगीला घरोघरचं धान्य न्यायचा. आता थेट मुंबईचा माणूस पेटीतून बोलतोय म्हटल्यावर नागप्पाला कोण पुसतो, असं लोक म्हणायला लागले.

पण पेटीला कानडी येत नव्हतं आणि बाया काही चावडीची पायरी चढत नव्हत्या. मग आबासाहेब पाटलांनीच तोड काढली. संध्याकाळी पेटी जे बोलेल ते नागप्पानं ऐकायचं आणि सकाळी गल्लोगल्ली सांगायचं. फक्त शेवटी 'पाटलाच्या हुकमानं' हे आलं पाहिजे. ते कानावर पडलं की पाटलांना सकाळची भाकरी गोड लागायची.

पेटीजवळ खुर्ची टाकून पाटील स्वतः बसत, आवाजाच्या खुंटीवर हात ठेवून. बाजारभाव चालत, पावसाचा अंदाज चाले. पण पाणवठा सगळ्यांना मोकळा करा, असं कुणी पेटीतून सांगायला लागलं की पाटील खुंटी पिळत आणि म्हणत, बॅटरी उतरली. दारूबंदीच्या भाषणालाही बॅटरी उतरली. ती भरायला बैलगाडीनं सोलापूरला न्यावी लागे, हे खरं. पण भाषणातच कशी उतरते, हे विचारायची आमची छाती नव्हती.

त्याच वर्षी पाटलांनी नातीचं लग्न काढलं. वच्छला दहा वर्षांची, दिवसभर चिंचेच्या झाडावर. आई-बाप पटकीच्या साथीत गेले, पोर आजीनं वाढवलेली. स्थळ सांगोल्याकडचं, मेंढरांचं मोठं खांड असलेलं. नवरा मात्र तिशीचा बिजवर. पाटलीणबाई सोनाबाई स्वतः नवव्या वर्षी या घरात आल्या होत्या आणि उंबऱ्यावर बसून आईच्या नावानं रडल्या होत्या. ते त्या विसरल्या नव्हत्या. चार वर्षं थांबा, म्हणून त्यांनी नवऱ्याचे पाय धरले. बायकांच्या तोंडानं गाव चालत नाही, एवढंच उत्तर मिळालं.

सोमवारी पाहुणे सुपारी फोडायला येणार होते. रविवारी संध्याकाळी पाटील नेहमीसारखे खुर्चीत बसले. ज्वारीचा भाव संपायच्या आत त्यांची हनुवटी छातीवर टेकली आणि घोरणं सुरू झालं. तेवढ्यात पेटीतून एक बाई बोलायला लागली. विषय शारदा कायद्याचा. आम्ही सगळे पाटलांच्या हाताकडं बघत होतो. हात खुंटीवरून घसरला आणि मांडीवर पडला. बाईचं भाषण पहिल्यांदाच शेवटापर्यंत झालं.

भजन लागलं तेव्हा पाटील दचकून जागे झाले.

"ऐकलं न्हवं नागप्पा? सकाळी गावाला सांग."

"सगळंच सांगू?"

"येक सबूद गाळू नगंस."

दुसऱ्या दिवशी सोप्यात पाहुणे बसलेले. नवऱ्याचा बाप धोंडीराम सुपारी हातात घेतोय, तोच दारात डफडं कडाडलं.

"ऐका हो ऐका! चौदा वर्साच्या आत पोरीचं लगीन लावंल, त्यो सरकारचा गुन्हेगार! लावनारा आन् लावून घेनारा, दोगंबी तुरुंगात! पाटलाच्या हुकमानं हो!"

मग तेच त्यानं कानडीत सांगितलं, सावकाश. धोंडीरामानं सुपारी परत ताटात ठेवली.

"पाटील, हुकूम तुमचा आन् सुपारीबी तुमचीच?"

पाटील तरातरा दारात आले. "कुनी सांगितलं रं तुला ह्ये?"

"तुमीच की. येक सबूद गाळू नगंस म्हनलासा."

सरकारच्या पेटीपुढं झोपलो होतो, हे चारचौघांत सांगायची पाटलांना सोय नव्हती. आणि दिलेली दवंडी मागं घ्यायची आमच्या गावात रीत नाही. गेल्या उन्हाळ्यात दवंडी होऊनही बसप्पानं पिण्याच्या तळ्यात बैल धुतले, तर पाटलांनी त्याला दिवसभर चावडीपुढं उन्हात उभं केलं होतं. नेमका तोच बसप्पा गल्लीत उभा होता.

"पाटील," तो अदबीनं म्हणाला, "दवंडी मोडनाऱ्यानं उनात कुटं उबं ऱ्हायचं, तितंच की दुसरीकडं?"

पाटील खाकरले. कायदा पाटलानंच मोडला तर गावानं कुणाकडं बघायचं, असं काहीबाही पाहुण्यांना सांगून त्यांनी हात जोडले. पाहुणे गेले. आतून सोनाबाईंचा आवाज आला, "नागप्पा, ऊन झालंय. भाकर खाऊन जा." त्या आवाजात रडू होतं, पण सुटकेचं, आणि मला तो ऐकून बरं वाटलं.

पुढं आठ-पंधरा दिवसांनी नागप्पानं मला खरं सांगितलं. महिन्याच्या भाषणांचा छापील कागद चावडीत डकवलेला असे. त्यानं तो मास्तरांकडून वाचून घेतला आणि सोनाबाईंच्या कानावर घातला. एरवी पाटील रेडिओ ऐकून आल्यावर जेवत. त्या रविवारी मात्र बाईंनी, उद्या पाहुणे यायचेत, पुरण जमलंय का बघा, म्हणून आधीच पान वाढलं. पाच पोळ्या आणि वर वाटीभर तूप.

दोन महिन्यांनी पाणवठ्याचं भाषण पुन्हा त्या कागदावर आलं. त्या दिवशी ऊन कलताना पाटलांच्या घरावरून जात होतो, तर पुरणाचा वास आला. मी तसाच नागप्पाकडं वळलो आणि त्याला सकाळच्या दवंडीसाठी डफडं शेकून ठेवायला सांगितलं.