गाडीत साचलेलं तीर्थ

जुळे सोलापुरातल्या त्या गल्लीत सकाळपासून बायकांची रांग लागली होती. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात रिकामी बाटली. भीमेत बुडून मेलेला आदिनाथ रोज आपल्या गाडीत येऊन बसतो, डाव्या सीटसमोर त्याच्या ओल्या पायांचं पाणी साचतं आणि ते पाणी म्हणजे तीर्थ, असं धोंडप्पा महाराजांनी जाहीर केलं होतं. महाराजच म्हणतात म्हटल्यावर शंका कोण घेणार!

"काचा लावा! एसी फुल्ल करा!" मागच्या सीटवर ऐसपैस बसलेले महाराज ओरडले. "आत्म्याला गारवा लागतो, माउली!"

गारवा आत्म्याला लागत होता की महाराजांच्या घामेजल्या पोटाला, कोण जाणे. तासाभरानं दार उघडलं तर पायाखालचं मॅट चिंब! बायकांनी हात जोडले.

आदिनाथची थोरली बहीण दानेश्वरी पायरीवर बसून सगळं बघत होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची, पण घरात तिचं कुणी ऐकत नव्हतं. आई, विजयमाला, आठवडाभर मॅट पिळून काढलेलं पाणीच पीत होती. दुसरं पाणी तोंडाला लावायचं नाही, ही महाराजांची आज्ञा. जुलाबांनी तिचे डोळे खोल गेले होते. हे थांबलं नाही तर आई हातची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आई, सोड गं ते पाणी."

"माजं लेकरू आणून देतंय की. कसं सोडू?"

दानेश्वरीला रडू फुटलं. भाऊ गेला, आता आईही चालली होती. डोळे पुसून ती गाडीपाशी गेली. "महाराज, उद्या एसी बंद ठेवून बसा. बघू आदिनाथ येतो का."

बायकांसमोर महाराजांना नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी बंद एसीत बसून ते घामानं न्हाले. वाळवून घातलेलं मॅट मात्र कोरडंच राहिलं.

"आज त्यो रुसलाय," महाराज म्हणाले.

"रुसला नाही. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब सुटतात ना? एसीच्या गार जाळीवर हवेतलं पाणी तसंच जमतं. ते नळीतून खाली रस्त्यावर पडायला हवं. आमच्या गाडीखाली थेंबही पडत नाही. नळी तुंबली, म्हणून पाणी आत उतरतंय."

तिनं बोलावलेल्या गॅरेजवाल्या तौहीदनं गाडीखाली शिरून नळीत तार घातली. गढूळ पाणी भसकन आलं आणि मागोमाग कुजका केशरी लगदा.

"ताई, झेंडू हाय हा. पुढच्या काचेखालच्या हवेच्या जाळीतून आत गेला. पूजेला लोक तितंच फुलं वाहतात."

गेल्या दसऱ्याला आदिनाथनं हौसेनं गाडी पुजली होती. जाळीवर ओंजळ ओंजळ फुलं वाहिली होती. त्यानंतर महिन्याभरात तो गेला.

महाराज कधी सटकले, कुणाला कळलंही नाही. विजयमालानं तो लगदा तळहातावर घेतला.

"म्हंजे त्यो येत नव्हता?"

खोटं बोलावं असं दानेश्वरीला क्षणभर फार वाटलं.

"नाही आई. आदिनाथ आता येणार नाही."

आदिनाथ गेल्यापासून दाबून धरलेला हंबरडा विजयमालानं तेव्हा फोडला. दानेश्वरीनं तिला उराशी धरलं आणि घरातलं स्वच्छ पाणी घोटघोट पाजलं.

बायका बाटल्या घेऊन खाली माना घालून उभ्या होत्या.

"बायांनो, पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर हे पाणी आलं कुठून, एवढं तरी विचारा," दानेश्वरी म्हणाली. "आणि आज तीर्थ नाही म्हणून परत जाऊ नका. आईजवळ बसा. तिचा मुलगा गेलाय."