दोऱ्याने शिवलेले शेवटचे प्रकरण

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. माझ्या कण्यावरील सोनेरी अक्षरे केव्हाच झडून गेली आणि आवरणाचा मूळ रंग कोणता होता, हे आता मलाही खात्रीने सांगवत नाही. तीन भावंडे, एक गळकी होडी आणि नदीच्या मुखाशी असलेले निर्जन बेट, एवढीच माझी कथा. ती मुलांसाठी लिहिलेली आहे. परंतु माझ्या दोनशे आठ पृष्ठांपैकी शेवटची सोळा पृष्ठे एकाही मुलाने वाचली नाहीत. असे का झाले, ते तुम्हांस सांगावे म्हणून आज तोंड उघडले आहे.

माझी अक्षरे छापखान्यात उमटली. पण मला देह दिला तो पुस्तकबांधणी करणाऱ्या एका गृहस्थाने. घराची पुढली खोली हेच त्याचे कामाचे ठिकाण. तेथे पाने चिकटवण्याच्या खळीचा आंबूस वास सदैव दरवळत असे, कागदाच्या कपट्यांनी जमीन पांढरी झालेली असे, आणि कोपऱ्यात पुस्तके दाबण्याचे लाकडी यंत्र एखाद्या मौनी तपस्व्यासारखे उभे असे. सोळा पृष्ठांचा एक दुमडलेला जुडगा, त्याला फर्मा म्हणतात. असे तेरा फर्मे एकावर एक रचून, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवून त्याने मला सिद्ध केले. त्याचा हात क्वचितच चुके. पण त्या दिवशी त्याच्या पत्नीला जाऊन बरोबर एक वर्ष झाले होते, आणि माझा तिसरा फर्मा त्याने उलटा शिवला. पाने खाली डोके वर पाय! दुकानदाराने मला नाकारले. जे दुकानाला नकोसे झाले, ते घराला लाभले.

घरात तीन मुले होती. थोरली तेरा वर्षांची. तिला सारे ताई म्हणत. मधला दहाचा. माझी पहिली दहा पाने ऐकताच त्याने स्वतःला ‘कप्तान’ ही पदवी बहाल केली आणि पुढे तेच त्याचे नाव झाले. धाकटी सातची. ती सदोदित भावाच्या मागे मागे असे, म्हणून तिचे नाव शेपूट. ती चिडत असे खरी. पण दुसऱ्या नावाने हाक मारली तर ओ देत नसे.

दर रविवारी दुपारी बापाच्या कामाच्या खोलीत माझे एक प्रकरण मोठ्याने वाचले जाई. उलटा फर्मा आला तेव्हा कप्तानाने फर्मान काढले की पुस्तक उलटे धरायचे नाही, आपणच उलटे व्हायचे. मग तिघेही बाकावर पाठ टेकून, डोकी खाली लोंबकळत ठेवून वाचू लागली. बाप म्हणाला, “अरे, माझ्या चुकीचे एवढे सोहळे नका रे करू!” आणि पत्नी गेल्यानंतर तो प्रथमच मोठ्याने हसला. मित्रांनो, सदोष जन्माला आल्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला.

एकच नियम होता: कोणीही एकट्याने पुढे वाचायचे नाही. तो मोडला कप्तानाने. शेवट गाठण्याआधीच, अकराव्या प्रकरणावर, त्याला रंगेहाथ पकडण्यात आले.

“चोर तो चोर, वर कप्तान!” ताई कडाडली.

“मी फक्त होडी बुडते का ते बघत होतो.”

“बुडते?” शेपटाने घाबरून विचारले.

“नाही सांगणार!”

खटला उभा राहिला. ताईने निवाडा दिला, आणि बांधणीकाराच्या घरी होईल असाच तो निवाडा होता: शेवटचे प्रकरण शिवून टाकायचे. कप्तानानेच बापाचे दाभण घेतले, माझ्या शेवटच्या फर्म्याच्या मोकळ्या कडेला सात भोके पाडली, मेणाचा दोरा ओवला आणि बापाकडून शिकलेली पक्की गाठ मारली. मला दुखले नाही असे म्हणणार नाही.

“तिघं एकत्र बसल्याशिवाय हा दोरा कापायचा नाही,” तो म्हणाला.

“आणि कुणी वरून डोकावलं तर?” शेपटाने शंका काढली.

“त्याचा डोळा फुटेल.”

मग तिघांनी माझ्यावर हात ठेवून शपथ घेतली. बाप हातातले काम न थांबवता म्हणाला, “गाठ छान बसलीय हो. सहजी सुटायची नाही.”

थोड्याच आठवड्यांत कप्तानाला ताप येऊ लागला. पाठोपाठ खोकला आला आणि ठाण मांडून बसला. त्याला छातीच्या रुग्णांच्या इस्पितळात हलवले. दहा वर्षांखालील मुलांना तेथे प्रवेश नव्हता. म्हणून दर रविवारी बाप शेपटाला घेऊन फाटकाबाहेरच्या दगडी कट्ट्यावर बसे, आणि ताई मला छातीशी धरून आत जाई. त्या लांबट खोलीत दोन्ही बाजूंनी लोखंडी खाटा होत्या. खिडकीशेजारची सातवी खाट कप्तानाची. ताई एक प्रकरण वाची. मग फाटकाशी येऊन तेच प्रकरण शेपटासाठी पुन्हा वाची. अशा रीतीने शिवलेल्या पानांपर्यंत आम्ही येऊन ठेपलो.

त्या रविवारी कप्तानाचा आवाज फार बारीक झाला होता. माझ्या कथेत होडीला भोक पडले होते, किनारा दिसत होता, आणि त्यापुढे दोरा होता.

“ताई, काप ना.”

“शेपूट नाहीये इथे. शपथ कुणी घातली होती?”

“मीच. आता मीच सोडवतो. कप्तानाचा हुकूम आहे.”

“कप्तान आजारी पडला की हुकूम थोरलीचा.” ती हसली, पण तिची बोटे माझ्या आवरणात रुतत होती. “पुढच्या रविवारी तू घरी येशील. मग बाकावर उलटे होऊन वाचू.”

“उलटा फर्मा तर मागेच गेला गं.”

“तरीही उलटेच होऊ.”

औषध द्यायला आलेली परिचारिका थबकली. तिच्या खिशात कात्री होती. “देऊ का?” तिने हलकेच विचारले. ताईने मान हलवून नकार दिला.

मित्रांनो, ती नियमाची कठोर होती म्हणून नव्हे. दोरा कापणे म्हणजे भाऊ घरी येणार नाही हे कबूल करणे, असे त्या तेरा वर्षांच्या जिवाला वाटले. शपथ शाबूत, तर भाऊही शाबूत. आणि मी? मला तर शेवट ठाऊक होता. त्या मुलापासून दोन वितींवर, माझ्या पोटात, तो अक्षरशः छापलेला होता. मला वाचा नव्हती. पुस्तकाचा जन्म परस्वाधीन असतो, हे मी त्या दिवशी पुरते जाणले.

गुरुवारी कप्तान गेला.

रविवारी शेपूट ताईसमोर उभी राहिली. “त्याने मागितलं होतं?”

“हो.”

“मग का नाही वाचलंस?”

“तू नव्हतीस ना तिथे,” ताई म्हणून गेली.

बोललेला शब्द परत घेता येत नाही. शेपूट पांढरीफटक पडली. आपण लहान होतो, फाटकाबाहेर होतो, म्हणून भावाला शेवट कळला नाही, हे ओझे त्या एका वाक्याने तिच्या माथ्यावर चढले आणि पुढे कोणीही ते उतरवले नाही. बापाने मला उचलून भिंतीतल्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. त्यानंतर माझा उल्लेख त्या घरात झाला नाही.

ताई शिक्षिका झाली. तिने शेकडो मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या. मला मात्र कधी हात लावला नाही. शेपटाने बापाची सुई उचलली. दूरदूरची फाटकी पुस्तके तिच्याकडे बरी होऊन जात, आणि मी तिच्याच डोक्यावरच्या फळीवर ओल खात पडलो होतो. भिंत पाझरत होती. एके दिवशी कागद खाणारी कसर आली. ती कोठून शिरली असेल? कप्तानाने दाभणाने पाडलेल्या त्या सात भोकांतून. उघडी पाने वाऱ्यामुळे थोडीफार तगली. शिवलेल्या पानांत अंधार होता, निवांतपणा होता. तेथे तिने वर्षानुवर्षे यथेच्छ भोजन केले.

पासष्ट वर्षे लोटली. बाप केव्हाच निवर्तला होता. ताईची दृष्टी गेली आणि ती धाकटीकडे राहायला आली. एका दुपारी, दुरुस्तीच्या पुस्तकांच्या राशीत बसून, ती अचानक म्हणाली,

“शेपूट, ते पुस्तक आहे का गं?”

“आहे.”

“दोरा?”

“आहे तसाच.”

“काप.”

“आपण तिघं नाही आहोत.”

“तेव्हाही मी हेच म्हणाले होते,” ताई म्हणाली. “काप.”

शेपटाने मला खाली काढले, धूळ पुसली आणि कात्री घातली. गाठ खरोखरच पक्की होती. सुटली नाही, तुटली. तिने पान उलटले. मित्रांनो, तेथे पान नव्हते, जाळी होती. कोठे एखादा शब्द, कोठे अर्धी ओळ, खाली पृष्ठांक. बाकी भुगा तिच्या मांडीवर सांडला.

“काय झालं? वाच ना,” ताई म्हणाली.

“थांब, चष्मा पुसतेय.”

मग तिने माझ्या भोकांवर नजर ठेवून वाचण्यास आरंभ केला. होडी बुडत होती. दोघी बहिणी पोहत किनाऱ्याला लागल्या. भाऊ दिसेना. त्यांनी हाका मारमारून कंठ सुकवला. तेवढ्यात झाडाखालून आवाज आला, “किती वेळ लावलात! मी केव्हाचा इथे बसलोय.” तो त्यांच्या आधीच पोहोचला होता. त्याने दोघींसाठी शेकोटी पेटवून ठेवली होती.

हा माझा शेवट नव्हे. माझ्या छापील पानांत तिन्ही मुले ओलीचिंब होऊन परततात, आणि त्यांची आई काठावर उभी राहून त्यांना मनसोक्त रागावते. पण मी कोणत्या तोंडाने तक्रार करू? खरे शब्द मी सांभाळू शकलो नव्हतो.

“संपलं?” ताईने विचारले.

“संपलं.”

“एवढंच होतं?”

“एवढंच.”

ताईचा हात माझ्या पानांवर आला. शिक्षिकेची बोटे ती. भोके त्यांना तत्काळ समजली. तिने हात काढून घेतला, पण धाकटीला काही विचारले नाही. ती म्हणाली,

“एवढंच तर त्याला वाचून दाखवायचं होतं. तू नव्हतीस म्हणून नाही गं राहिलं. मी भ्याले म्हणून राहिलं.”

शेपूट, बहात्तर वर्षांची, माझ्या भुग्यावर कपाळ टेकून रडली.

मित्रांनो, पुस्तके सहसा विनवतात की आम्हांला पाण्यापासून जपा, वाळवीपासून जपा. तुम्ही तसे जपालच. माझी विनवणी थोडी वेगळी आहे. आम्हांला शिवून ठेवू नका. सारे जण जमतील, सारे बरे होतील, मग पुढचे वाचू, असे म्हणू नका. कोणी खाटेवरून शेवट मागितला, तर कात्री मागून घ्या. मी आता पुन्हा फळीवर आहे. तुटलेला दोरा धाकटीने माझ्यातच ठेवला आहे, आणि माझ्या पोटात आता सांगण्याजोगे काही उरलेले नाही.