चिमणीचं ताट

आमच्या आईने आम्हा दोघी बहिणींवर कधी हात उगारला नाही. हे ती स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि ते खरंही होतं. ती आवाजही चढवायची नाही. जी चुकेल ती मुलगी घरात नाहीच, असं ती वागायची. जेवायच्या वेळी तिचं ताट मांडलं जायचं नाही. ती खुर्चीवर बसलेली असली तरी पातेलं तिच्या डोक्यावरून पलीकडे जायचं. ती बोलली तर कुणी मान वळवायचं नाही. ती खोलीत पुस्तक वाचत असली तर आई यायची, "कुणी नसताना दिवा कशाला जाळायचा" असं पुटपुटायची आणि दिवा घालवून निघून जायची. बाबांनी आणि दुसऱ्या बहिणीने यात सामील व्हायचं, हा नियम होता. मग मनात आलं की आई दारात थबकायची, गालावर हात ठेवायची आणि म्हणायची, "अगंबाई, तू इथंच होतीस होय?" सगळे हसायचे. आपणही हसायचं. नाही हसलं तर पुन्हा पहिल्यापासून.

ताई लहानपणापासून शहाणी, तिच्यावर ही पाळी क्वचित यायची. माझी जीभ मात्र सैल. घरातलं सगळं शेजारीपाजारी सांगत सुटायचे, त्यामुळे माझं ताट बरेचदा कपाटातच असायचं. हळूहळू मी त्यात तरबेज झाले. मांड्यांखाली हात दाबून, श्वास अगदी वरवर घेत बसलं की वेळ जातो.

आता मी मोठ्या दुकानांचे आणि दवाखान्यांचे आपोआप सरकणारे दरवाजे दुरुस्त करते. आणि ते दरवाजे माझ्यासाठी उघडत नाहीत. हसा खुशाल, माझ्या कामावरचे सगळे हसतात. माझा तिथला जोडीदार लंबू, त्याने आधी सेन्सर बदलून पाहिला, मग काच पुसली, मग मला चार पावलं चालायला लावली. म्हणाला, "बाई, तू चालतेस कुठं? तू भिंतीच्या कडेने सरकतेस. त्या सेन्सरला हालचाल लागते, त्याला तू फरशीच वाटतेस. जरा पाय आपटत ये." आपटले, तर दरवाजा उघडला. तेव्हापासून अशा प्रत्येक दरवाजापुढे मी पाय आपटते. लोक चक्रम समजतात, समजू देत.

त्या रविवारी ताईकडे जेवायला गेले. एरवी जिन्यातच चिमणीची टकळी ऐकू येते. चिमणी ही ताईची मुलगी, नुकती पहिलीत गेलेली, तोंडाच्या बाबतीत थेट माझ्यावर गेलेली. त्या दिवशी मात्र जिना गप्प होता. दार भावोजींनी उघडलं. ते चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात, आणि एरवी दारातच माझी थट्टा सुरू करतात. त्या दिवशी नुसते बाजूला झाले.

टेबलावर तीन ताटं मांडलेली होती. ताईचं, भावोजींचं आणि माझं. चौथ्या खुर्चीवर चिमणी बसली होती. तिच्या पुढ्यात काहीच नव्हतं. तिचे हात मांड्यांखाली होते.

तसं बसायला तिला कुणी शिकवलं? मी तर कधीच नाही.

"ताई, चिमणीचं ताट?" मी विचारलं.

"अगं, ती आली की मांडेन ना," ताई म्हणाली. "सकाळपासून कुठं उंडारते आहे कोण जाणे." ती गॅलरीत गेली आणि खाली वाकून हाका मारू लागली, "चिमणेऽ! ए चिमणे, जेवायला चल!" तिच्या आवाजात काळजी होती, खरीखुरी काळजी. माझ्या समोर बसलेली पोर गॅलरीकडे बघतही नव्हती.

आईचं ते सगळं नाटक असायचं, निदान मी तरी तसंच धरून चालले होते. हे नाटक नव्हतं.

"भावोजी, काय चाललंय हे?"

ते हळू आवाजात म्हणाले, "सकाळी चिमणी समोरच्या काकूंना सांगून आली, की आई नळ सोडून न्हाणीघरात रडते. ही काही बोलली नाही. फक्त न्याहारीला चिमणीची बशी मांडली नाही. मला वाटलं, असेल काही शिक्षा, आपण मध्ये कशाला पडा. मीही गप्प बसलो." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दुसरा चष्मासुद्धा लावून बघितला हो. मला ती मधूनमधून दिसत नाही. आत्ता आहे का तिथं?"

"आहे," मी म्हणाले. "तुमच्या डाव्या हाताला."

त्यांनी डावीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मला संताप आला. भीती वाटली की मला संतापच येतो, तो माझा जुना उपाय आहे. मी चिमणीचा हात धरला. तो गार पडला होता. "चल, आपण खाऊ आणू," म्हणाले आणि तिला घेऊन निघाले. मागून ताईने विचारलं, "एकटीच कुठं निघालीस? जेवण निवतंय!"

कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानापाशी आलो. रागाच्या भरात मी पाय आपटायला विसरले. आम्ही दोघी अगदी काचेला नाक लागेल इतक्या जवळ उभ्या राहिलो आणि दरवाजा हलला नाही. आतली गल्ल्यावरची बाई आमच्या आरपार रस्त्याकडे बघत होती. चिमणीने वर पाहिलं. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली असावी, कारण आवाज चिरकला.

"मावशी, आपण नाही आहोत का?"

"आहोत तर!" मी जरा जास्तच जोरात म्हणाले. "या यंत्राला अक्कल नाही, एवढंच. त्याला दाखवावं लागतं. माझ्यासारखे पाय आपट बघू. आणखी जोरात! फरशी फुटू दे, मी देईन भरून."

तिने आपटले. दरवाजा सरकला. ती दचकली, मग हसली, मग मागे येऊन तिने पुन्हा आपटले. आम्ही आत-बाहेर करत राहिलो, आणि शेवटी गल्ल्यावरची बाई वैतागून ओरडली, "अहो, लहान मुलीला आवरा!" इतकं गोड मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. तिला मुलगी दिसत होती.

परतताना चिमणी अख्खा जिना आपटत चढली. घरात शिरली, ताईच्या अगदी पुढ्यात उभी राहिली आणि सगळा जीव एकवटून तिने पाय आपटले.

ताईने जमिनीकडे पाहिलं. "खालच्या मजल्यावर काही ठोकतायत का?"

चिमणी दोनदा आणखी आपटायला गेली, मग तिचा पाय हवेतच थांबला. ती गुपचूप आपल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि हात मांड्यांखाली घातले.

"ताई," मी म्हणाले, "एक विचारते, खरं सांग. लहानपणी माझं ताट मांडलेलं नसायचं, तेव्हा मी तुला दिसत होते ना?"

ताई हातातल्या डावाकडे बघत राहिली.

"आधी दिसायचीस," ती म्हणाली. "आधी मी न दिसल्यासारखं करायचे. आई माझ्याकडे रोखून बघत असायची, चुकून जरी तुझ्याकडे नजर गेली असती तर... मग एकदा खरंच दिसेनाशी झालीस. खुर्ची रिकामी. मी पलंगाखाली, कपाटात, सगळीकडे शोधलं गं तुला, आईचा डोळा चुकवून. वाटायचं, तू मेलीस आणि मला कुणी सांगत नाहीये. मग आई ते 'अगंबाई' म्हणायची आणि तू एकदम खुर्चीवर! सगळे हसायचे. मी घाबरून हसायचे."

इतकी वर्षं मी समजत होते, की त्या घरात फक्त माझंच काहीतरी गेलं. ताईचं काय गेलं हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी तिचा हात धरला, ओढत चौथ्या खुर्चीपाशी नेला आणि चिमणीच्या डोक्यावर ठेवला.

ताईची बोटं ताठरली. मग केसांत शिरली. तिचा चेहरा पांढराफटक झाला आणि ओठ आपोआप हलले, हुबेहूब आईच्या सुरात, "अगंबाई, तू इथं..."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. "ते नाही, ताई. काहीही म्हण, पण ते नाही. ते म्हटलंस की तिला हसावं लागेल."

ताई खाली बसली. मग ती रिकाम्या खुर्चीला, तिच्यापुरत्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "चिमणे, तू मला दिसत नाहीस. तू काही केलेलं नाहीस. माझ्याच डोळ्यांना काहीतरी झालंय. मी रडते हे तू खरंच सांगितलंस."

चिमणी हसली नाही. तिने भोकाड पसरलं. असं, की खालच्यांनी खरंच छत ठोकलं. आणि ताई किंचाळली, "अगं, किती लाल झालीयेस रडून!" आणि तिला छातीशी घेतलं. भावोजी चष्मा हातात धरून रडत होते, त्यांनाही ती दिसत होती. मी भिंतीला टेकले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

ताईने डोळे पुसले, कपाटातून चिमणीचं ताट काढलं, सगळं पुन्हा गरम केलं. लेकीला वाढलं, नवऱ्याला वाढलं, स्वतःला वाढलं. मग माझं ताट उचललं आणि पुसून कपाटात ठेवून दिलं.

"ताई," मी म्हणाले.

"ही कुठं गेली?" ताईने भावोजींना विचारलं. "आत्ता तर इथं होती. न जेवताच गेली की काय?"

भावोजींनी खोलीभर पाहिलं. त्यांची नजर माझ्यावरून सरळ निघून गेली. "सांगून तरी जायचं," ते म्हणाले.

माझे हात कधी मांड्यांखाली गेले मला कळलंच नाही. आमच्या घरातलं आज पुन्हा मीच उघड केलं होतं, आणि मी माझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसले होते. श्वास वरवर चालला होता. मला त्रास होत नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

तेवढ्यात टेबलाखालून माझ्या पोटरीवर एक छोटीशी लाथ बसली. तोंडात घास, नाक अजून वाहतंय, आणि डोळे थेट माझ्या डोळ्यांत.

"मावशी," चिमणी म्हणाली, "पाय आपट ना."

मी आपटले. ताई वाढत राहिली.

"आणखी जोरात," चिमणी म्हणाली, आणि माझ्यासोबत तीही आपटू लागली.