मास्तरांचं कुंपण

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि त्या चाळीस वर्षांत एक गोष्ट त्यांच्या अंगात मुरली ती मुरलीच. कापड जास्तीचं सोडायचं. शिवणीच्या आत बोटभर माया ठेवली की उद्या गिऱ्हाईक सुटलं तरी उसवून सैल करता येतं. कापलं की संपलं, मग बसा डोक्याला हात लावून. शिकाऊ असताना त्यांनी एका कोटाचं कापड आखूड कापलं होतं. त्यावर उस्तादांनी जे सुनावलं, ते त्यांना अजून शब्दन् शब्द पाठ होतं. अशा माणसाने कुंपणाची झाडं लावायला घेतली, तेव्हाच खरं तर घरच्यांनी सावध व्हायला हवं होतं.

कुंपणाचं कारण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लेक दीड वर्षाच्या चिमणीला घेऊन चार दिवस राहायला आली होती. दुपारी पोरीला अंगणात मास्तरांवर सोपवून ती आत गेली. मास्तर पायरीवर बसून सुईत दोरा ओवत होते. ओवून वर बघतात तो पोर रस्त्यात, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर करकचून ब्रेक मारून थांबलेली मोटरसायकल. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण लेकीने त्याच संध्याकाळी बॅग भरली. भांडण नाही, आदळआपट नाही. दारात एवढंच म्हणाली, "रस्त्याच्या बाजूला काही आडोसा होईपर्यंत मी हिला इकडे आणणार नाही, बाबा." भांडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

वसाहतीच्या नियमात रस्त्याकडेला भिंत बसत नव्हती, तार बसत नव्हती. चालत होतं ते फक्त झाडांचं कुंपण. मास्तर दुसऱ्याच दिवशी नर्सरीत गेले आणि बारीक पानांची, बिनकाट्याची साठ रोपं मागितली. नर्सरीवाला फटकळ होता, पण कामाचा पक्का.

"रोपांनी जीव धरला की वीतभर ठेवून सगळी छाटा," तो म्हणाला. "मग बुंध्यापासून फुटवे येतात. पुन्हा वाढली की पुन्हा छाटा. पहिली दोन वर्षं दयामाया दाखवायची नाही."

"चांगली वाढलेली कापायची?"

"नाही कापलीत तर वर पिसारा आणि खाली काड्या. मग माझ्या नावाने बोटं मोडू नका."

मास्तरांनी मान डोलावली. छाटणीची कात्रीही घेतली, नवी कोरी. समोरच्याचं ऐकून मान डोलवायची आणि नंतर आपल्याच मनाचं करायचं, हीही चाळीस वर्षांचीच सवय.

लावणी मात्र अशी केली की शेजारीपाजारी थांबून बघत होते. दोरी ताणली, टेप लावली, चुन्याने खुणा केल्या. दोन ओळी, आणि एकीतल्या दोन रोपांच्या बरोबर मधोमध दुसरीतलं रोप. खड्ड्यात कुजलेलं खत, भोवती वाळक्या पानांचा थर, सकाळी तांब्यातांब्याने पाणी. किडकं पान दिसलं की लगेच चिमटीत.

"पोरीच्या लग्नात एवढी धावपळ नव्हती केलीत," बायको म्हणाली.

महिन्याभरात रोपांनी जीव धरला. मास्तर कात्री घेऊन पहिल्या रोपापाशी उकिडवे बसले. शेंड्याला कोवळी, लालसर पानं आली होती. पाच मिनिटं बसले आणि उठून घरात आले.

"कापलीत?"

"एवढ्यात कशाला? अगं, लवकर उंच झाली तर लवकर आडोसा होईल. कापून पुन्हा जमिनीला टेकवली तर चिमणी यायची कधी?"

यात काय चुकतंय ते बायकोलाही सांगता येईना. कात्री फळीवर गेली. बाहेर पसरणाऱ्या फांद्या मास्तरांनी आत दुमडल्या आणि दुकानातल्या चिंध्यांनी बांधून टाकल्या. झाडं सुटली सुसाट वर.

दर रविवारी ते लेकीला व्हिडिओ कॉल लावत. "बघ, गुडघ्याला लागलं." मग, "कमरेपर्यंत आलं बघ." मग, "आता माझ्या छातीला टेकतंय." फोन ते उभ्यानेच धरत, आणि वरून कुंपण गच्च हिरवं दिसे. लेक नुसतं "हं" म्हणे. सव्वा वर्षाने एका रविवारी ती म्हणाली, "शनिवारी येते." मास्तरांनी फोन ठेवला, बायकोकडे न बघता आत गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

शनिवारी दोघी आल्या. चिमणी आता पावणेतीन वर्षांची झाली होती आणि तिच्या पायाला भिंगरी होती. बॅग दारातच राहिली. मास्तर लेकीला हाताला धरून कुंपणापाशी घेऊन गेले. ओळी दाखवल्या, अंतर दाखवलं, चिंध्यांच्या गाठीसुद्धा दाखवल्या.

"सांग, पानांतून पलीकडचा रस्ता दिसतो?"

"नाही हो, खरंच नाही दिसत," लेक म्हणाली आणि सव्वा वर्षात पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसली.

"चिमणी कुठाय?" पायरीवरून बायकोने विचारलं.

चिमणी रस्त्यात होती. एका मांजरामागे रांगत रांगत ती दोन बुंध्यांमधून पलीकडे निघून गेली होती. डोकं जरा खाली घातलं, बस्स. छातीइतक्या उंच कुंपणाला गुडघ्याखाली एक पान नव्हतं, नुसत्या काड्या. लेक फाटकातून धावली. रस्ता मोकळा होता हे नशीब, दुसरं काय. पोरीला कडेवर घट्ट धरून ती परत आली तेव्हा मास्तर होते तिथेच उभे होते.

"बाबा, एकदाही खाली वाकून बघितलं नाहीत?"

"नर्सरीवाल्याने सांगितलं होतं, छाटा म्हणून. माझा हात धजला नाही." मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "तू लवकर यावीस म्हणून, गं."

लेक चिमणीला मांडीवर घेऊन पायरीवर बसली. मास्तरांनी फळीवरची कात्री काढली आणि जमिनीवर बसून पहिल्या बुंध्याला वीत लावली. कापलं. मग दुसरं. चिंध्यांच्या गाठींसकट फांद्या खाली पडत गेल्या. जेवायला या म्हणून बायकोने दोनदा हाका मारल्या, त्यांनी ओ दिली नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा साठावं रोप झालं. तळहाताला फोड आले होते. आता अंगण आणि रस्ता यांच्यामध्ये वीतभर खुंटांच्या दोन ओळी, बाकी काही नाही. पलीकडून जाणाऱ्या सायकलवाल्याच्या चपलासुद्धा दिसत होत्या.

"भरायला दोन वर्षं लागतील," मास्तर म्हणाले. "तोवर तू काही..."

लेक उठली. चिमणीला तिने अंगणात खाली सोडलं.

"मी आंघोळ करून येते. हिच्याकडे बघा."

"अगं, वेडी का तू? आता तर मध्ये काहीच नाही!"

"सकाळी होतं ना? तुम्हीही त्याच्याकडेच बघत होतात आणि मीही." तिने दारातली बॅग उचलली. "मला राग आलाय, बाबा, अजून आहे. पण तुम्ही आहात ना इथे? मग बघा."

ती आत गेली. न्हाणीघराची कडी लागल्याचं मास्तरांनी ऐकलं, मग बादलीत पाणी पडायला लागलं. ते रस्त्याकडे पाठ करून खुंटांपाशी मांडी घालून बसले. चिमणी कापलेल्या फांद्या एकेक उचलून त्यांच्या पुढ्यात आणून टाकत होती. बायको चहा घेऊन आली.

"घ्या, निवतोय."

"ठेव तिथे," मास्तर म्हणाले. मान त्यांनी वळवली नाही.